पाच ताटांची जबानी कायम

मी, पुंजाराम तुळशीराम गाडेकर, वय शहात्तर, फौजेतून निवृत्त स्वयंपाकी, सध्या धंदा खानावळीचा, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पोटातल्या गाठीमुळे डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. डोके मात्र ठणठणीत आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही, असे अशा कागदात घालण्याची पद्धत आहे. माझ्यावर दबाव आहे. मी तो जुमानत नाही, एवढीच नोंद असावी.

कलम १. पडेगावची खानावळ, जागा, भट्टी, तिन्ही डेगा आणि पराती नात मोनिका हिला. चार वर्षे तीच भट्टीपुढे उभी आहे. तिचा हात मिठाला सढळ आहे, तेवढा आवरावा. पितळी डेगेला कल्हई वेळेवर लावावी.

कलम २. बँकेतली ठेव पत्नी वच्छलाबाई हिला. माझ्यामुळे तिला भावकीतल्या एकाही लग्नात मानाचे लुगडे मिळाले नाही. तिने कधी तक्रार केली नाही असे नाही. केली, आणि रास्त केली.

कलम ३. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या गावची एक एकर दहा गुंठे जमीन मुलगा माऊली याला, पण एका अटीवर. अट कळायची तर मागचे सांगणे भाग आहे.

एकाहत्तरच्या लढाईत मी आमच्या कंपनीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकावर होतो. पलटणीचे नाव लिहीत नाही; तिने मला माणूस केले. माझा थोरला चुलतभाऊ कारभारी त्याच कंपनीत हवालदार होता. एका सकाळी शत्रूचे पाच जण हात वर करून आले आणि कारभारीच्या ताब्यात दिले गेले. मी पाच ताटे वाढली. एकाच्या मांडीत गोळी होती. त्याला मीच बखोटीला धरून आडोशाला नेऊन आणले. दुपारी पुन्हा पाच ताटे घेऊन गेलो, तर कैदी तीन.

"दोघं पळाले," कारभारी म्हणाला.

"मांडी फुटलेला कसा पळंल, दादा?"

"तू तुझ्या भाकरी भाज."

उरलेल्या तिघांनी घासाला हात लावला नाही. ते नाल्याकडे बघत होते. मी नाल्यात उतरलो. दोघेही तिथे पडले होते, हात पाठीमागे बांधलेले.

कारभारीचा जोडीदार आदल्या दिवशी तोफगोळ्याने गेला होता. त्याचे दुःख मी पाहिले आहे. तो राक्षस नव्हता. पण शस्त्र टाकलेल्याला मारायचे नाही, त्याला खायला घालायचे, हे आम्हा दोघांना एकाच उस्तादाने एकाच मैदानावर शिकवले होते. चौकशी लागली तेव्हा मी पाहिले ते सांगितले. साहेबांनी विचारले, "तू स्वयंपाकी, तुला लढाईतलं काय कळतं?" मी म्हणालो, "साहेब, ताटं कळतात." कारभारी शिक्षा भोगून, पेन्शन गमावून गावी आला.

गावाच्या लेखी मी परक्यासाठी भाऊ बुडवणारा ठरलो. भावकीने बैठक घेऊन ठरवले की, पुंजारामच्या हातचे कुणी खायचे नाही. सव्वाशे जवानांना दोन वेळ जेवू घालणारा मी, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी केलेले वरण पंगतीत एकानेही पानावर घेतले नाही. सगळे ओढ्यात ओतावे लागले. त्या दिवशी मी रडलो, ते लपवत नाही. त्याच वर्षी गाव सोडून पडेगावला आलो.

आता कारभारीचा मुलगा नानासाहेब सरपंच आहे. वेशीवर फौजींच्या नावांची कमान होते आहे आणि त्याला बापाचे नाव सर्वांत वर हवे आहे. गेल्या महिन्यात तो टाइप केलेला कागद घेऊन आला: माझी जबानी गैरसमजातून दिली गेली होती.

"काका, सही करा. खांद्याला अख्खी भावकी येईल. तेराव्याला पंगत बसंल तुमच्या दारी."

माऊली गावातच राहतो. तोही पाया पडला. "अण्णा, करा ना सही. तुमी जाताल, मला तिथंच राहायचंय."

मला त्याची दया आली, तरी कागद मी भट्टीत घातला. ती जबानी मी इथे पुन्हा देतो: सकाळी पाच जेवले, दुपारी तीन होते, दोघांना बांधून मारले होते. माझी जबानी खोटी किंवा चुकीची होती, असा कागद माऊलीने कधीही सही करून दिला, तर जमीन गावच्या शाळेला जावी, पोरांच्या खिचडीची खोली बांधायला. माऊली, तुला राग येईल. येऊ दे.

कलम ४. कमानीवर माझे नाव घालू नये. कारभारीचे घालायचे तर घाला, लढला तोही. पण त्याखाली त्या दोन कैद्यांचीही एक ओळ असावी. त्यांची नावे मी विचारली नाहीत, ही चूक माझी.

कलम ५. अंत्यविधी पडेगावात. खांदा खानावळीतल्या कामगारांनी द्यावा. तेराव्याला मोनिकाने स्वयंपाक करावा. कुणाला बोलावू नये, आलेल्याला परत पाठवू नये.

सहीपूर्वी एवढे वाढवतो. साक्षीला भावकीतून कुणी तयार होईना. पहिले साक्षीदार आमचे रोजचे गिऱ्हाईक, निवृत्त कारकून वैजनाथ देऊळगावकर. दुसरा मिळत नव्हता. आज दुपारी एसटीने एकट्या चतुराबाई आल्या. कारभारीची विधवा, नानासाहेबाची आई.

"मालकानं जाताना मला सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "बांधलेले व्हते म्हनं दोघं. भावजी, तुमी खोटं बोलला नाय."

"वहिनी, पोटच्या पोराशी वैर येईल."

"त्याला सांगूनच निघाले. अंगठा कुठं लावायचा ते दावा. पर आधी जेवू घाला, सकाळपासून उपाशी हाय."

मी स्वतः उठून वाढले. त्यांनी वरणभात खाल्ला, वरण दुसऱ्यांदा मागून घेतले, हात धुतले आणि आता माझी सही होण्याची वाट बघत समोर बसल्या आहेत.

लिहून देणार: पुंजाराम तुळशीराम गाडेकर (सही)
साक्षीदार १: वैजनाथ देऊळगावकर (सही)
साक्षीदार २: चतुराबाई कारभारी गाडेकर (डाव्या हाताचा अंगठा)
पडेगाव, छत्रपती संभाजीनगर. ९ सप्टेंबर २०२५.