मामा, जुनी व्हर्जनं काढली!

प्रिय मामा,

काढली! सगळी काढली! तुम्ही होता तोवर जे तुम्हाला करू दिलं नाही, ते आज भरदुपारी मी माझ्या हातानं केलं. तेही तुमच्या लेकीला, रूथला, शेजारी बसवून. आता हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

आपला वाद आठवतो ना? डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं भाडं भरलं की दरसाल नवं व्हर्जन येतं. शिरूरच्या आपल्या दुकानात ते खंडेनवमीलाच घ्यायचं, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून, हा माझा शिरस्ता. आणि पूजा झालेलं हत्यार टाकून द्यायचं नाही, हाही माझाच. त्यामुळे नवं आलं तरी जुनं आत तसंच. बांबूवर चढून बॅनर बांधण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, हत्याराला कसा विसरणार?

तुम्ही वैतागायचा. "बाळू, आरं पूजा मशीनची केलीस, आतल्या भाडेकरूंची न्हाई! जुनी काढ की. ऐक, कसं धापा टाकतंय!"

"मामा, तुम्ही ख्रिस्ती माणूस. खंडेनवमीतलं तुम्हाला काय कळणार?"

"व्हय, आन् पेढं कोण संपवतं मग?"

तुमच्यासारखं उत्तर देणारा माणूस आता दुकानात नाही हो!

दौंडला उभी हयात तुम्ही दुकानांच्या पाट्या आणि ट्रकची फळकुटं रंगवली. मग फ्लेक्स आले, ब्रश वाळले, आणि तुम्ही माझ्याकडं कॉम्प्युटर शिकायला आलात, सगळ्या दुकानाचे मामा झालात. पहिल्या दिवशी माऊस उलटापालटा करून म्हणालात, "ह्येला केसच न्हाईत. लिवू कशानं?" आणि त्याच बिनकेसाच्या माऊसनं तुमच्या ब्रशाचं वळण एकेक अक्षर करून उतरवलंत, स्वतःचा फॉन्टच केलात! आख्खी बाराखडी, जोडाक्षरांसकट! आपल्या लग्नपत्रिका लोक लांबून ओळखायचे.

पुढच्याच व्हर्जननं तुमची अक्षरं ओळखायचंच सोडलं. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तुम्ही हसलात, "म्हातारं झालं ते बी," म्हणालात आणि मुकाट्यानं बाजारातली अक्षरं वापरायला लागलात. का मामा? एकदा तरी हट्ट धरायचा! माझ्याशी पेढ्यावरून भांडायचात, मग स्वतःच्या अक्षरासाठी का नाही भांडलात?

आज सकाळी रूथ आली. तुमच्या कबरीचा दगड तयार आहे, रविवारी बसवायचाय. ती म्हणाली, "काका, पप्पांचं नाव पप्पांच्याच अक्षरात पाहिजे. पाथरवटाला आज संध्याकाळी छापील नमुना दिला नाही, तर तो त्याच्याकडच्या अक्षरात कोरून मोकळा होणार."

नव्या व्हर्जनमध्ये तुमचं नाव टाइप केलं. चौकोन! सगळ्यात जुनं उघडायला गेलो, तर म्हणे जागाच शिल्लक नाही. फोटो, व्हिडिओ मी आधीच दुसऱ्या डिस्कवर हलवले होते. आत अडून बसली होती ती माझी पूजेतली मंडळीच! दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सगळं उडवू शेठ, नवं एकच टाकू. एकदम चकाचक!" आणि ते जुनं परत मिळेल का? "ते आता कंपनी देत नाय." फोनच ठेवला.

म्हणजे मधली तेवढी काढायची आणि सगळ्यात जुन्याला धक्का लागू द्यायचा नाही. चुकून तेच गेलं, तर तुमची अक्षरं उघडायला दुसरं दार नाही. मी बटणाकडं बोट नेलं.

"थांबा काका! साल वाचा आधी."

"वाचलं की."

"मनात नको. मोठ्यानं वाचा."

तुमचीच लेक! एकेक साल मोठ्यानं वाचत गेलो, ती मान हलवायची, मग मी बटण दाबायचो. सेटिंग ठेवायची का, असं मशीन दरवेळी विचारायचं. ठेव बाबा, सगळी ठेव! शेवटचं मधलं गेलं आणि पंख्याची घरघर खाली आली. तुम्ही सांगूनही माझ्या कानांनी धापा कधी ऐकल्या नाहीत, पण आज मशीननं टाकलेला श्वास मला ऐकू आला!

जुनं उघडलं. पडद्यावरच्या हत्यारांच्या सगळ्या पेट्या डावीकडं ओढलेल्या, तुमच्या डाव्या हाताच्या सोयीनं मांडलेल्या. जणू चहाला म्हणून उठून गेलात. मी तुमचं नाव टाइप केलं आणि रूथ ओरडलीच, "पप्पांचा फ! पोट बघा त्याचं, जेवून उठल्यासारखं!" हसता हसता रडली, मामा. मीही.

आपण करतो तशी अक्षरांची कर्व्ह केली, म्हणजे त्यांची चित्रंच झाली. नमुना छापला. मग मला राहवेना. तुमची सगळी बाराखडी टाइप केली, तिचीही चित्रं केली आणि नव्या व्हर्जनमध्ये उघडली. एक चौकोन नाही! एक काना हललेला नाही! रूथच्या पेनड्राईव्हवर घातली, तीही उघडून पाहिली. मग त्या शेवटच्या जुन्याकडं बोट दाखवून मी विचारलं, "आता ह्याचं काय?"

"पप्पा काय म्हणाले असते?"

"काढ, म्हणाले असते."

"मग काढा."

काढलं! बोला, वाद कोण जिंकलं? मी जपलं म्हणून अक्षर राहिलं, आणि तुमचं ऐकलं म्हणून ते उघडलं. निम्मं निम्मं घ्या, जास्त मागू नका!

रूथ नमुना घेऊन दौंडच्या एसटीत बसली. जाताना म्हणाली, नाताळाच्या आधी तुम्ही रंगाचा डबा घेऊन दफनभूमीत जायचा, पुसट झालेली नावं पुन्हा रंगवायचा, कुणाचीही असोत. तुम्ही गेल्यापासून ते काम कुणी केलेलं नाही. हे मला कधी बोलला नाहीत! मामा, शब्द देतो, यंदा नाताळाच्या आधी ते काम मी करणार. तुमच्या अक्षरांचे स्टेन्सिलचे पत्रे कापून घेतो, रूथला बरोबर घेतो. माझा हात तुमच्याइतका सफाईचा नाही, पण पत्र्यावरून रंग फिरवायला जमेल. आणि सुरुवात तुमच्या शेजाऱ्यापासून.

तुमचा,
बाळू