दाराखालची पट्टी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भावोजींनी फर्निचरच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला, त्यांचे आभार मान. वीस तारखेच्या आत कळवायचं आहे, हे लक्षात आहे. आईला विचारलं. तू जाशील तिथे मी येईन, एवढंच म्हणाली आणि भाजी चिरत बसली.

बाबांना जाऊन दोन महिने झाले, तरी माणसं भेटायला येतातच. असा सुतार पुन्हा होणे नाही म्हणतात, डोळे पुसतात, आणि उठता उठता आमचं मागचं दार जरा बघून जा म्हणतात. काल दातांचे डॉक्टर आले होते. रडले आणि खिडकीही सांगून गेले. या गावात बाबांनी न बसवलेलं दार शोधून सापडायचं नाही, आणि आता ती सगळी माझ्या गळ्यात. दिवसभर रंधा मारतो, बाबा असते तर पटकन झालं असतं हे ऐकून घेतो, घरी येतो. खांदे भरून येतात. खोटं कशाला लिहू, मला इथून जावंसं वाटतं.

एक काम मात्र मनासारखं झालं. आपलं पुढचं दार जन्मभर फरशीला घासायचं. सुताराच्या घरचं दार ना हे, म्हणून लोक चिडवायचे आणि बाबा नुसते हसायचे. गेल्या आठवड्यात मी ते उतरवलं, तर खालच्या कडेला एक ओबडधोबड पट्टी ठोकलेली. बाबांच्या हातची वाटेना. ती काढून टाकली, कड साफ केली, बिजागऱ्यांना तेल दिलं. आता बोटाने ढकललं तरी दार उघडतं, आवाज म्हणून नाही. बाबांचं एक राहिलेलं काम झालं, असं वाटलं.

पण तेव्हापासून आईचं काही कळत नाही. संध्याकाळ झाली की हातातलं टाकून दाराशी येते, बघते, आत जाते, परत येते. विचारलं तर काही नाही म्हणते. डॉक्टरांना दाखवू का? दातांच्या नव्हे.

चुकलंमाकलं पोटात घाल. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
मोजपट्टी


९ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, ती पट्टी बाबांनीच ठोकली होती. तू तेव्हा जन्मला नव्हतास.

दिवसभर ठोकाठोक करणारा माणूस घरी मात्र मांजराच्या पावलांनी यायचा आणि न बोलता आईच्या मागे येऊन उभा राहायचा. एकदा ती अशी दचकली की उकळतं पाणी पायावर सांडलं. कितीतरी दिवस लंगडत होती. बाबांना तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, दारातून हाक मारत जा की. तर म्हणाले, तेवढं मला जमायचं नाही. मग चांगलं चालणारं दार उतरवलं आणि खाली पट्टी ठोकली. रंधा मारायलाही थांबले नाहीत, म्हणून ओबडधोबड. त्यानंतर दार खरखरलं की आई पाण्याचा पेला भरायची.

माझं लग्न ठरवायला बाबा इथे सासरी आले, तेव्हाही मुलाला एक प्रश्न विचारला नाही. इथल्या बिजागऱ्या हलवून बघितल्या. तेल घातलेलं होतं, म्हणून होकार दिला. हे अजून म्हणतात, तुझ्या वडिलांनी मला नाही, आमच्या दाराला पसंत केलं. एकदाच राहायला आले ते दुसऱ्या दिवशी परत निघाले. इथली दारं काही बोलत नाहीत, म्हणाले.

आईला डॉक्टर नको. तिचा कान अजून दाराकडे आहे, आणि तू दार मुकं केलंस.

नोकरीचं तुझं तू ठरव, मी ओढणार नाही. तू थकला आहेस हे पत्रावरून कळतं. अक्षर नेहमीसारखं सुबक आहे, मोजपट्टी हे लाडाचं नाव शोभतं, पण ओळी खाली उतरल्या आहेत. जेवत जा.

तुझी
ताई


१३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी बेकरीत धावलो. त्या पट्टीची पाचर करून मी बेकरीवाल्याच्या दाराखाली मारली होती. तो द्यायला तयार नव्हता, छान बसली आहे म्हणाला. बाबांची आहे म्हटल्यावर मात्र त्याने स्वतः वाकून काढून दिली. नवी पाचर तेवढी तिथल्या तिथे करून घेतली.

पट्टीचा कापलेला भाग जोडला आणि मोजून मापून बसवली, तरी दार इतकं घट्ट झालं की मी बाहेरच अडकलो. आतून आईचं हसणं ऐकू आलं. दोन महिन्यांनी. मग खिडकीतून आत उतरलो, दार पुन्हा काढलं आणि पट्टी थोडी तासली.

काल संध्याकाळी कामावरून आलो आणि दार ढकललं. तेच खरखरलं. आत भांडं वाजलं. आई भरलेला पेला घेऊन बाहेर आली आणि मला बघून थांबली. मला वाटलं, आता परत फिरेल. पण तिने पेला पुढे केला आणि म्हणाली, ते उभ्यानेच प्यायचे, तू तरी बसून पी. मी बसून प्यालो. त्यानंतर ती दाराशी बघायला आली नाही.

भावोजींना म्हणावं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. थकवा गेला असं नाही. उद्या दातांच्या डॉक्टरांची खिडकी आहेच. पण तिकडे आलो तर आईला सगळी चांगली, गप्प दारं मिळतील.

आज सकाळी पोस्टमन येऊन गेला. सुताराच्या घरचं दार ना हे, म्हणाला. मी नुसता हसलो.

तू येशील तेव्हा हाक मारू नकोस, दार ढकल. आम्हा दोघांवर लोभ राहू दे.

तुझा
मोजपट्टी