घोंगड्याचा वास

सोलापूर, शनिवार

आई,

तुज्या आणि अण्णांच्या पाया पडते. मी हितं सुखरूप हाय, जेवणखाण चांगलं हाय. फोन केला तर अण्णा शेजारी बसून सगळं ऐकत्यात, म्हणून तुला एकटीला लिहितेय.

दुष्काळी गावांचे धंदे उभे करायचे म्हणून हे प्रदर्शन भरवलंय. आपलं घोंगडं पुढं टांगलं की मोठ्या ऑर्डरी येतील, असं हे भरवणारे म्हणाले होते. काल प्रदर्शनाच्या मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "ह्याला मेंढराचा वास येतोय." मग मेंढराच्या लोकरीला काय मोगऱ्याचा वास येणार व्हय?

मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी ते गरम पाण्यात साबण घालून मशीनमधून धुऊन आणलं! गरम पाण्यानं लोकर आटते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. सुताला ताठपणा यावा म्हणून लावलेली चिंचोक्याची खळ सगळी गेली आन् घोंगडं बसकराएवढं झालं. तू महिनाभर सूत कातलंस, अण्णांनी दुखऱ्या गुडघ्यांनी मागाच्या खड्ड्यात बसून विणलं, आन् ह्या म्हणत्यात, "छान, टेबलावर अंथरू."

गुडघे कसे हायत त्यांचे? लंगडी मेंढी व्याली का? अण्णांना यातलं काय बी सांगू नगंस.

उद्या मोठे साहेब येणार हायत. मला कागद दिलाय, पाठ करून म्हणायचं, 'आमाला प्रशिक्षण मिळालं, आमी शिकलो.' माइक तेवढा हातात येऊ दे. कागद ठेवते बाजूला, आन् घोंगडं कसं धुवायचं ते आधी ह्यांनाच शिकवते.

तुजी लेक,
विजयमाला