बोगद्यातला रूळ

आई, छोट्या रेल्वेच्या मंडळाची वही माझ्याकडे आहे. मंडळातल्या काकांनी शेवटी ती तुझ्याकडे ठेवायला दिली होती, आणि तुझ्यामागे ती माझ्याकडे आली. लांबट, पुठ्ठ्याची. दर रविवारी रेग्युलेटर, म्हणजे गाडीचा वेग कमीजास्त करायचं बटण, कुणाच्या हातात होता, आणि गाडी थांबली तर कुठे आणि का, एवढंच तीत लिहायचं. कौतुक लिहायची पद्धत नव्हती. काल ती पुन्हा वाचली आणि आज तुला लिहायला बसले आहे.

तेव्हा आपल्याकडे खरी गाडी नव्हती. रेल्वे खाडीपलीकडे थांबायची आणि लोक बसने पूल ओलांडायचे. पण वाशीच्या एका सोसायटीतल्या पाच माणसांनी गाडी खाडी ओलांडून आणली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या तीन फळ्या, त्यांवर पितळी पट्ट्यांचे रूळ, बिस्किटांच्या डब्यांच्या पत्र्याचे डबे, कागदाच्या लगद्याचा डोंगर आणि त्याच्या पोटात बोगदा. मुंबईहून राहायला आलेली नोकरदार माणसं ती. दर रविवारी सकाळी जमायची आणि दोन नियम पाळायची. तयार मिळणारी वस्तू लावायची नाही. आणि गाडीला हात लावायचा नाही. थांबली तर कारण शोधायचं. बोटाने ढकलणं त्यांच्या लेखी खोटं बोलण्यासारखं होतं.

त्यांची मोटर जळली, म्हणून तू त्यांना सापडलीस. पाचांतले एक तुर्भ्याला तुझ्याच कारखान्यात तपासनीस होते. तू तिथे मिक्सरच्या मोटरींचं वाइंडिंग करायचीस, तारेचे वेढे मोजून चढवायचीस. दुपारच्या सुट्टीत त्यांनी रुमालातून एक आर्मेचर काढलं, मोटरीचा फिरता गाभा, सुपारीएवढा. पुढचा संवाद तू घरी इतक्या वेळा सांगितलास की मला तो पाठ आहे.

"बाई, हे होईल का? बाहेर कुणी घेत नाही."

"कशाचा हाय? मिक्सरचा तर नाय."

"रेल्वेचं."

"रेल्वे एवढीशी कदी झाली, साहेब?"

ते तू घरी आणलंस. आपलं गावातलं स्वयंपाकघर, चुलीशेजारी नवा स्टोव्ह, खिडकीतला उजेड. तू पाटावर बसली आहेस, केसाहून बारीक तार चिमटीत आहे, आणि ओठ हलताहेत. मी कॉलेजातून येते आणि विचारते, भात उतरवू का? तू थांबतेस. सगळे वेढे उलगडतेस, अगदी पहिल्यापर्यंत. मग म्हणतेस, "बाय, मोजताना मला हाक मारू नको. घर जलत असला तरी." आणि पुन्हा एकपासून सुरू करतेस. भात करपला त्या दिवशी. आपण तो तसाच खाल्ला. पुढे मी कितीतरी मोठ्या लेखकांची पुस्तकं शिकवली, पण केलेलं काम इतक्या शांतपणे उलगडून टाकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

तुझ्या मोटरीवर गाडी इतकी हळू चालू लागली की डब्यांच्या खिडक्या मोजता याव्यात. पाचांपैकी सगळ्यांत वडील काका, निवृत्त ड्राफ्ट्समन, टेबलाच्या पातळीला डोळा लावून बसले. मग तुला म्हणाले, "रविवारी येत जा." तू जायला लागलीस. मीही यायची. तू रुळाच्या प्रत्येक जोडावरून बोटाचं टोक फिरवायचीस. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, म्हणायचीस. बाहेरगावची हौशी माणसं जळलेल्या मोटरी घेऊन येऊ लागली. पुण्याचे एक गृहस्थ जेवणाच्या डब्यात मोटर घालून आले होते. त्यांना तू आधी जेवायला घातलंस.

पण रेग्युलेटर तुला कुणी दिला नव्हता. तू मागितलास तेव्हा पाचांतले एक, बँकेत नोकरीला असलेले गृहस्थ, हसले. "बाई, मोटर बांधणं वेगळं, गाडी चालवणं वेगळं. उद्या सुई हातात देणारी नर्स म्हणेल, ऑपरेशन मी करते."

"करीलही," काका म्हणाले. "आपण बघू या."

परतताना तू मला एवढंच म्हणालीस, "मोटर माजी हाय. ती कशी धावते ता माज्या हाताला कलाया नको?"

ठरलं ते असं. सोसायटीच्या सत्यनारायणाला सगळे जमतात, त्या दिवशी तू वेळापत्रकाप्रमाणे दहा फेऱ्या चालवायच्या. जमलं तर दर महिन्याचा एक रविवार तुझा.

त्या दिवशी तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होतीस. हॉलमध्ये फ्लॅटमधल्या बायका तुझ्याकडे बघत होत्या, तू गाडीकडे. माझी जागा डोंगरामागे, जिथे बोगद्याला हात जाईल एवढी खिडकी ठेवली होती. सात फेऱ्या झाल्या. पुलावर हळू, स्टेशनात थांबा, मग पुन्हा पूल. आठव्या फेरीसाठी गाडी स्टेशनात उभी होती तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला. गाडी निघाली, बोगद्यात शिरली आणि बाहेर आली नाही.

"गेली मोटर," बँकेतले म्हणाले. "घरगुती वाइंडिंग."

एक बाई मला म्हणाली, "अगं, ढकल ना जरा. कोण बघतंय?"

माझं बोट खिडकीपर्यंत गेलंही होतं.

"बाय, हात काढ," तू लांबूनच म्हणालीस. रेग्युलेटर शून्यावर आणलास, मग डोंगरामागे आलीस आणि खिडकीशी वाकून वास घेतलास. "मोटर नाय जलली. जलली असती तर वास आला असता." खांद्यावरच्या पिशवीतून रॉकेलचं फडकं काढलंस आणि आत हात घातलास. गाडीला स्पर्श न करता, न बघता, तू तिच्या पुढचा रूळ पुसलास. फडकं नाकाशी नेलंस. तूप होतं त्याला. रुळातली वीज चाकाला मिळणार कशी? तू माझ्या द्रोणाकडे पाहिलंस, मग माझ्या बोटांकडे.

परत गेलीस. रेग्युलेटर किंचित उलटा फिरवलास, मग सुलटा. गाडी आपणहून थोडी मागे सरली, मग पुढे, आणि बोगद्यातून बाहेर आली. उरलेल्या फेऱ्या झाल्या. टाळ्या वाजल्या, पण काकांनी वही उघडली होती.

"कारण?"

"रूल खराब होता. पुसायचा माजा रायला."

बँकेतले काही बोलणार होते. काकांनी पेन उचललं. "जळली म्हणाला होतात तुम्ही," ते त्यांना म्हणाले. "बाईंनी हात न लावता आणली. आणि चूकही सांगितली. दुसरा रविवार त्यांचा."

नंतर वर्षानुवर्षं दुसरा रविवार तुझाच राहिला. बँकेतल्या गृहस्थांनी आपल्या इंजिनाची मोटर तुझ्याकडेच बांधायला दिली, आणि ती देताना तुला 'मास्तर' म्हणाले. आता वाशीला खरं स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर उभी असले की मी गाडी पुलावरून येताना ऐकते आणि अजूनही वाटतं, तुझी याहून हळू यायची.

वहीत दुसऱ्या रविवारांपुढे तुझं नाव आहे आणि कारणाचा रकाना पानामागून पान कोरा आहे. कुणाच्याच नावापुढे इतकी कोरी पानं नाहीत. तुझ्या नावावर एकच नोंद आहे, सत्यनारायणाची. "बोगदा. रूळ अस्वच्छ. चालक विसरली." काकांच्या ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात.

त्या रात्री तू मला काही विचारलं नाहीस. मी काही सांगितलं नाही. तू गेलीस तोवर सांगितलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीत मात्र जागा आहे. काल पेन घेऊन ती ओळ खोडायला बसले, आणि खोडली नाही. त्याच ओळीमुळे रेग्युलेटर तुझ्या हातात राहिला, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. मला माझं नाव तिथे लिहायचं नव्हतं.

आई, आठव्या फेरीआधी मी बोगद्यातल्या जोडावरून बोट फिरवून पाहिलं होतं. तू फिरवायचीस तसंच. फक्त हात धुतला नव्हता.