हंसाबेनची कबुतरं

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
५ जुलै २०२५

ती. सुलूमावशीस, यतीनचा सा. न. वि. वि.

तू लॅबमध्ये फुप्फुसांवर काम करतेस, म्हणून तुलाच लिहितोय. समोरच्या विंगमधली रुचिता (हो, तीच; हसू नकोस!) रडतेय. तिच्या आईच्या, हंसाबेनच्या, फुप्फुसांत वण पडतायत. डॉक्टर म्हणाले, कबुतरांची धूळ. खिडकीतले दाणे बंद करा. बाई ऐकत नाहीत. म्हणतात, जीवदया सोडून जगू कशाला?

माझं डोकं सटकलं. काल त्यांच्या खिडकीखाली ताट बडवून सगळी कबुतरं उडवली. धुरळा थेट त्यांच्याच घरात! हंसाबेन खोकून बेजार, रुचितानं मला ब्लॉक केलंय. धुळीनं एवढं का बिघडतं? आणि माझं काय होणार?

माया असू दे, मूर्ख असलो तरी.
यतीन

नाशिक, १२ जुलै

चि. यतीनला अ. उ. आ.

शहाण्या, धूळ आत गेली की फुप्फुसातल्या पहारेकरी पेशी निरोप धाडतात, धावा म्हणून. त्या निरोप्या रेणूंना आम्ही सायटोकाइन म्हणतो. मग डागडुजीवाल्या पेशी येतात, जखम भरतात. पण धूळ रोजच आली तर निरोप थांबत नाहीत, डागडुजी चालूच राहते आणि मऊ फुप्फुस तळहाताच्या घट्ट्यासारखं राठ होतं. धूळ चिमूटभर, बोभाटा गावभर. स्वभाव ओळखीचा वाटला का रे?

पडलेले वण जात नाहीत. पण गोळ्या घेतल्या नि धूळ टळली तर नवे अडवता येतात. त्यांची दया तोडू नकोस, तिला दुसरी वाट काढून दे. आणि आधी माफी माग. हळू आवाजात!

रागावले तरी जीव आहेच तुझ्यावर.
सुलूमावशी

मीरा रोड, ९ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

माफी मागितली. तुझ्या निरोप्यांची गोष्ट हिंदी-गुजराती खिचडीत सांगितली. हंसाबेननी विचारलं, मग माझ्या हातचं खाणार कोण? मी म्हटलं, गायी. आता दर रविवारी उत्तनच्या वाटेवरच्या गोठ्यात त्यांचा गूळ-चारा मी स्कूटरवरून पोचवतो. मागे रुचिता बसते. मध्ये चाऱ्याचा भारा असतो, तेवढंच दुःख.

खिडकीला जाळी लागली. नव्या स्कॅनमध्ये वण वाढलेले नाहीत.

काल लिफ्ट बंद, तरी हंसाबेन जिना चढून आमच्याकडे आल्या. मध्ये एकदाच टेकल्या. मी खूश होऊन पाणी घेऊन धावलो, तर त्यांनी मला असं झापलं की शेजारी दारात जमले. म्हणाल्या, कॉलेज अर्धवट सोडलेल्याच्या स्कूटरवर माझी मुलगी बसेल, मांडवात नाही. मावशी, एवढं बोलल्या आणि एकदाही खोकल्या नाहीत! शिव्या खाताना असा आनंद मला कधीच झाला नव्हता.

उद्या कॉलेजात जातोय, परत घेतात का विचारायला. तुझा हात पाठीवर राहू दे.
यतीन