चार बोटं अलीकडे

रत्नागिरी, ता. ४ जानेवारी १९३२

चि. सौ. कुसुमला ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नणंदेच्या, गोदाच्या, लग्नात तू घालायच्या पोलक्याचं माप काल मिळालं. बाजारचा शिंपी सगळ्या बायकांना एकाच मापात कोंबतो. आईची पाठ रुंद, आत्याचे खांदे उतरते, आणि माझं पोट माझ्याआधी दारातून आत जातं. म्हणून तर आपल्यात प्रत्येकीच्या मापाचा गाठी मारलेला दोरा वेगळा.

पण तुझा नवा दोरा जुन्याशी लावून पाहिला, तर छातीची गाठ चार बोटं अलीकडे आली आहे. दंडाची दोन बोटं. आळस करून भलत्याच पोरीचं माप तर नाही ना पाठवलंस? पुन्हा घेऊन पाठव. खरं सांगते, मला भीती वाटते आहे.

तुझ्या सदूला पापा. लोभ आहेच, तो उत्तरातून लवकर दिसू दे.

तुझी लीलाताई

राजापूर, ता. ९ जानेवारी

ती. सौ. ताईस कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

माप माझंच आहे. दिवाळीपासून तिन्हीसांजेला कसर येते, अंग तापतं. खोकताना दोनदा रक्त पडलं. मुंबईला ह्यांनाही कळवलेलं नाही. बोभाटा झाला तर गोदावन्संचं लग्न मोडेल आणि सदूला माझ्यापासून तोडतील. मरणाचं भय नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं. फार भय वाटतं.

पोलकं जुन्याच मापाचं शिव आणि आत दुहेरी अस्तर घाल, म्हणजे मांडवात कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आईला सांगू नकोस. पत्र चुलीत घाल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी कुसुम

राजापूर, ता. ११ जानेवारी

चि. सौ. लीलास कुसुमच्या सासूचे, येसूबाईचे, आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, लावून वाच. कुसुमच्या अंगाला दोरा लावून गाठी मारल्या त्या मीच. ती गप्प, मीही गप्प. दोरा बघून तू तरी विचारशील, एवढीच आशा होती. माझी थोरली जाऊ ह्याच दुखण्यानं गेली. तेव्हाही घरात सगळे गप्पच होतो.

गोदाचं लग्न मोडलं तर मोडो. तुझ्या भावाला, अण्णाला, लगोलग पाठव आणि तिला मोठ्या डॉक्टरकडे ने.

सदू दिवाळीपासून माझ्याजवळ निजतो. कुसुमला वाटतं, त्याला आजीचं वेड. गोष्टींची लालूच मी मुद्दाम लावली. ती तिकडे गेली की तो रोज विचारील, आणि आई बरी होऊन येणार आहे असं मी रोज सांगेन. मला नातवाशी खोटं बोलायला लावू नकोस.

लोभ असावा, आणि उशीर नसावा.

येसूबाई