ताकातला पाव

नॉकरूआ
७ फेब्रुवारी १९८६

चि. ग्रॉन्या,

आईचे आशीर्वाद, आणि फेलिमच्या दोन्ही गालांवर एकेक पापा. जावईबापू डोनललाही आठवण सांग.

काल फोनवर तू रडत होतीस, ते मला कळलं नाही असं समजू नकोस. बाबा शेजारीच बसले होते आणि त्यांनी रेडिओचा आवाज मुद्दाम बारीक केला होता, म्हणून मी नुसती हो, हो करत राहिले. आपल्या घरात फोन सगळ्यांचा आणि पत्र एकटीचं. तेव्हा चूल पेटलेली आहे तोवर लिहून घेते.

अगं, तान्ही मुलं रडतातच. तू तर अशी कळवळून रडायचीस की पलीकडच्या शेतातून ब्रीजी धावत यायची आणि मला विचारायची, पोरीला चिमटे काढतेस की काय! पण दूध पिता पिता अंग धनुष्यासारखं ताणतो, प्यायलेलं सगळं बाहेर टाकतो आणि गालांवर लाल चट्टे येतात असं तू म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नाही. तूच नीट जेवत नसशील. अंगावर पाजणाऱ्या बाईने बटाट्यावर लोणी हात राखून घालायचं नसतं, आणि निजताना पेलाभर दूध घ्यायचंच. बाबांचं म्हणणं असं की डब्लिनचं दूध म्हणजे पांढरं पाणी, पोराला इकडे आणा, महिन्याभरात वासरासारखा धष्टपुष्ट करून दाखवतो.

उद्याच्या बसने लोणी आणि एक पाव पाठवते आहे. ड्रायव्हर ओळखीचा आहे, डोनलला थांब्यावर उभं कर. पावाच्या कडा टाकून देऊ नकोस, लहानपणी देत होतीस तशा.

गाई व्यायला झाल्या आहेत, नाहीतर मीच येऊन बसले असते. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

आई

*

ड्रमकोंड्रा, डब्लिन
१५ फेब्रुवारी

ती. आईस,

ग्रॉन्याचा नमस्कार. पाव पोचला, आणि लोणीही पोचलं. लोण्याचं पुढे सांगते. आधी हे पत्र बाबांच्या हाती लागणार नाही असं कर.

मंगळवारी फेलिमच्या लंगोटात रक्ताचे धागे दिसले. मी किंचाळले. डोनल अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला आणि आम्ही तसेच मुलांच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, कोपराच्या खळगीतली खरखरीत कातडी पाहिली आणि मला एकच विचारलं, की मी स्वतः काय खाते-पिते. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, दूध, लोणी, चीज, साय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तेच तर.

आई, त्याला गाईच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत. मी जे खाते त्यातलं थोडं माझ्या दुधात उतरतं, आणि एवढंसं त्याचं पोट त्याच्याशी शत्रूशी लढावं तसं लढतं. दुधातली साखर न पचणं ते वेगळं, हे वेगळं. बकरीचं दूधही चालणार नाही, तेव्हा ब्रीजी तिच्या बकरीचं दूध पाठवायला निघाली तर तिला आवर. मी काही आठवडे दूध, दही, लोणी, साय, चीज सगळं बंद करायचं आणि त्याला उतार पडतो का ते बघायचं. माझ्या हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आहेत.

उतार पडला नाही तर मला त्याला अंगावरून सोडवावं लागेल. अशा मुलांसाठी वेगळी पावडर असते. तिथे नमुना दिला होता. सडक्या बटाट्याच्या पाण्यासारखा वास येतो, आणि फेलिम ओठ असे मिटून घेतो की जणू बाबा राजकारणावर बोलायचं टाळताहेत. दिवसभर किंचाळणारं हे पोर माझ्या अंगावर आलं की थोडा वेळ का होईना, माझं असतं. तेवढंही हातचं जाऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

तुझं लोणी शेजारणीला दिलं. काळा चहा, उकडलेला बटाटा, मांसाचा तुकडा आणि तुझा पाव, एवढ्यावर दिवस काढते आहे. पाव मात्र पाठवत राहा. ताटात घरचं असं तेवढंच उरलं आहे.

बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. बाबांच्या गोठ्यात चाळीस गाई, आणि नातवाला दुधाचं वावडं! त्यांना हसू येणार नाही.

तुझी,
ग्रॉन्या

*

नॉकरूआ
२० फेब्रुवारी

लाडके ग्रॉन्या,

तुला आणि बाळाला उदंड आयुष्य मागून लिहायला बसते.

पत्र लपवलं, पण चेहरा कुठे लपवू? बाबांनी ताटावरूनच विचारलं, आणि मी सांगून टाकलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, या घरात तीन पिढ्या या दुधावर वाढल्या, आमच्या दुधाने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. आणि घरातल्या सपातांनिशीच गोठ्याकडे निघून गेले. सपाता मला दोनदा धुवाव्या लागल्या.

मला मात्र शाळेतल्या सिस्टर अल्फॉन्सस आठवत राहिल्या. सेंट ब्रिजिडच्या सणाला त्या आम्हा मुलींना गोष्ट सांगायच्या, की ब्रिजिड तान्ही असताना तिच्या पोटात कुणाचंच अन्न ठरत नसे, शेवटी लाल कानांची एक पांढरी गाय आणली, तिचं दूध तेवढं ठरलं. आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो, आणि मग प्रत्येकीला लोणी लावलेल्या पावाची एकेक फोड मिळायची. कॉन्व्हेंटच्या त्या गार दगडी जेवणघराचा वास अजून नाकात आहे. आपल्या वाट्याला नेमकं उलट्या गोष्टीतलं बाळ आलं बघ.

उद्या दोन पाव पाठवते. ते पोटभर खा. त्यात ताक आहे म्हणून मनात किंतू आणू नकोस. मी घरीच घुसळते, लोण्याचा कणन् कण काढून घेते, मागे उरतं ते निव्वळ आंबट पाणी. दुधाचं असं त्यात राहतंच काय?

रात्री तिसऱ्या गाईला वासरू झालं. सगळे सुखरूप. तू सोडून सगळ्यांचं ठीक आहे, आणि म्हणूनच माझं काही ठीक नाही.

तुझी,
आई

*

ड्रमकोंड्रा
८ मार्च

ती. आईस,

नमस्कार. आज बरं काही लिहिण्यासारखं नाही, पण न लिहिलं तर तू फोन करशील, आणि फोनवर मला धीर धरवणार नाही.

उतार नाही. मधे दोन दिवस बरा वाटला, मग पुन्हा तेच. गालांची साल निघाली आहे, उशीला घासून घासून. वजन काट्यावर जिथे होतं तिथेच. डॉक्टरीणबाईंनाही कोडं पडलं आहे. त्यांनी मला पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर त्याला दाखल करून घेणार आणि तीच पावडर नळीवाटे देणार. माझं दूध बंद.

सासूबाई येऊन गेल्या. त्यांचं निदान असं की दोष दुधाचा नाही, माझ्या स्वभावाचा आहे, चिडकी आई आणि आंबट दूध. डोनलने त्यांना इतक्या लवकर बसमध्ये बसवलं की त्यांची छत्री इथेच राहिली. पण त्या गेल्यावर मला खरंच वाटायला लागलं, की मीच काहीतरी त्याला पाजते आहे. मी लोण्याच्या दुकानासमोरून जाताना फुटपाथ बदलते, आई. कालचा चहा टाकून दिला, कारण कप शेजारणीचा होता. आणखी काय सोडू? तुझा पाव आणि पाणी, एवढंच उरलं आहे.

गुरुवारी माझ्यासाठी प्रार्थना कर.

ग्रॉन्या

*

ड्रमकोंड्रा
१३ मार्च, गुरुवार

ती. आईस,

हे पत्र वाचण्याआधी बस. उभ्याने वाचू नकोस.

आज हॉस्पिटलात आहार बघणाऱ्या एक नवीन बाई होत्या, कॉर्कच्या. त्यांनी सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घरून आलेला पाव. त्या सहज म्हणाल्या, वा, माझी आईसुद्धा करते, तुमची कशात मळते? मी म्हटलं, कशात म्हणजे, ताकात. पाण्यात म्हणावं तसं म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाल्या, देवा, मी शेतकऱ्याची मुलगी, माझ्याही पहिल्याच वेळी ध्यानात आलं नसतं.

लोणी काढून घेतलं की ताकातून जाते ती चरबी. फेलिमचं भांडण ज्याच्याशी आहे, ती प्रथिनं सगळीच्या सगळी ताकात राहतात. सोडून सोडून मी ज्या एका घासावर आले होते, तोच.

मी आधी हसले, मग रडले, मग सगळ्या वॉर्डासमोर नाक शिंकरलं. आई, तू स्वतःला काही म्हणून घ्यायचं नाहीस. लहानपणी तुझ्या शेजारी उभी राहून मीच ते ताक पिठात ओतलं आहे, आणि मलाही ते कधी दूध वाटलं नाही. आपल्याकडे दूध म्हणजे जे पितात ते. ताक म्हणजे पावाचं पाणी.

डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन आठवडे दिले आहेत. पाव पाठवू नकोस.

तुझीच,
ग्रॉन्या

*

नॉकरूआ
१८ मार्च

माझ्या पोरी,

तू बस म्हणालीस, मी बसले, आणि मग मला उठताच येईना.

तू काही म्हणून घेऊ नकोस म्हणतेस, तर नाही म्हणत. पण तेव्हापासून घरात माझा पाय ठरत नाही. भांडी घासून ठेवलेली पुन्हा घासते. जपमाळ हातात घेते आणि कितव्या मण्यावर होते ते विसरते. दोन पाव खा, पोटभर खा, असं मी लिहिलं होतं, तेच अक्षर न् अक्षर डोळ्यांपुढे येतं.

म्हणून हात कामाला लावले. पावातल्या सोड्याला काहीतरी आंबट लागतंच, त्याशिवाय तो पीठ उचलत नाही. ताक नाही तर व्हिनेगर घालून पाण्यात मळून पाहिला. पहिला पाव असा झाला की बाबांनी तो गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला. दुसरा कुत्र्याला घातला, त्याने तो बागेत नेऊन पुरला. तिसरा जरा माणसांत आला. परात नवी आणली आहे, जुनीला ताकाचा वास आहे. पण तू म्हणेपर्यंत काही पाठवणार नाही.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, म्हणजे आपलंच निघालं तर. त्यानंतर बाळाचं नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही. दूध काढायला जातात, येतात, जेवतात. मी बोलायला गेले की टोपी घालतात.

काहीही असो, कळव. चांगलं नसलं तरी कळव.

आई

*

ड्रमकोंड्रा
२ एप्रिल

ती. आईस,

रक्त नाही! गेला आठवडाभर नाही. गालांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, आणि तो झोपतो, आई, असा झोपतो की पहिल्या दिवशी मी आरसा घेऊन त्याचा श्वास तपासला. वजन वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजत राहा. हे दोनच शब्द मी घरी येईपर्यंत बसमध्ये तोंडातल्या तोंडात घोळवत होते.

तरी निवांत बसवत नाही. डबा उचलला की मागचं बारीक अक्षर वाचते. सॉसेजमध्येसुद्धा दुधाची भुकटी घालतात, हे तुला ठाऊक होतं? आता तुझा व्हिनेगरचा पाव पाठव, दाराचा अडसर नको, तिसरा.

बाबांना फोनवर बोलवलं, तर ते गोठ्यात आहेत म्हणालीस. रात्री दहाला गोठ्यात काय करतात?

ग्रॉन्या

*

ड्रमकोंड्रा
११ मे १९८७

ती. आईस,

नमस्कार. काल हॉस्पिटलात फेलिमची दुधाची परीक्षा झाली. तो सव्वा वर्षाचा होऊन गेला, बरीचशी मुलं या वयात यातून बाहेर पडतात, म्हणून आम्ही फार आशेने गेलो होतो. डॉक्टरांच्या देखत चमच्यातून थेंबभर दिलं, मग थोडं जास्त. त्याने ओठ चाटले आणि आणखी मागितलं. डोनलने माझा हात दाबला. आणि मग मानेवर गांधी उठायला लागल्या, ओठ सुजला, आणि सगळं उलटून पडलं. तिथे सगळी तयारी होती, औषध दिलं, संध्याकाळी घरी आलो. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. बहुतेकांचं जातं, याचंही जाईल, पण कधी ते सांगता येत नाही.

म्हणून या उन्हाळ्यातही आम्ही नॉकरूआला येत नाही. तो आता चालतो, दिसेल ते तोंडात घालतो. तुमच्याकडे चमचे दुधाचे, टॉवेल दुधाचे, बाबांच्या कोटाच्या बाह्या दुधाच्या. त्याने अजून तुमचं अंगण पाहिलेलं नाही, हे मला खुपतं. पण कालचा तो ओठ मी पाहिला आहे. बाबांना वाईट वाटेल असं लिहिणार होते, पण वर्षभरात ते त्याच्याविषयी एक शब्द बोललेले नाहीत, तेव्हा कदाचित वाटणारही नाही.

तुझी,
ग्रॉन्या

*

नॉकरूआ
१५ मे

ग्रॉन्या,

तुझी आई चर्चमध्ये मिस्सेला गेली आहे. हे पत्र मी लिहितो आहे. चुका काढू नकोस, मी शाळेत फार टिकलो नाही.

तुम्ही या. घुसळण्याचं सगळं सामान मी गोठ्यापलीकडच्या कोठीत नेलं. स्वयंपाकघर तुझ्या आईने खालपासून वरपर्यंत धुतलं, आता तिथे माझा हात लागला तरी ती ओरडते. घरात येण्याआधी मी कपडे बदलीन आणि कोपरापर्यंत हात धुवीन, त्याला घ्यायच्या आधी पुन्हा धुवीन. गोठ्याच्या दाराला वरून कडी लावली आहे, त्याचा हात पोचणार नाही. महिन्याभरापासून आम्ही चहा बिनदुधाचा घेतो, सवय व्हावी म्हणून. फार वाईट लागतो. तुझी आई लागत नाही म्हणते, ती खोटं बोलते.

मी बोललो नाही, कारण काय बोलावं ते कळत नव्हतं. माझ्या बापाने मला ज्या दुधावर वाढवलं, तेच नातवाला बाधतं, हे डोक्यात शिरेना. वर्ष लागलं.

काल दूध काढताना मी गाईंना सगळं सांगितलं, की पोरगा येणार, आणि तो तुमचं पिणार नाही. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मीच घेतलं होतं.

येताना त्याला जुने कपडे घाल. अंगणात चिखल आहे.

बाबा